चला, माजलगावला गळ ओढायला!

सॅमन नाही, ट्राउट नाही, मोटरबोट तर नाहीच नाही. तरीही बीड जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या पाण्यावर 'ट्रोलिंग' शिकता येतं. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं आधी माहीत हवीत : मासा कोणता, पाणी किती आणि ते कोणाचं?

रील म्हटलं की तुमचा हात आधी मोबाइलकडे जातो ना? साहजिक आहे. पण आणखी एक रील असते. ती अंगठ्याने वर ढकलायची नसते, हँडल फिरवून गुंडाळायची असते. आणि नशीब जोरावर असेल तर तिच्या दुसऱ्या टोकाला तीन किलोचा, प्रचंड संतापलेला मासा असतो! ट्रोलिंगचंही तसंच. सोशल मीडियावर लोकांना छळणं म्हणजे ट्रोलिंग, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हा शब्द मुळात मासेमारीतला. चालत्या होडीच्या मागे दोरी सोडायची, दोरीच्या टोकाला माशासारखं दिसणारं खोटं आमिष लावायचं आणि ते हळूहळू पाण्यातून ओढत न्यायचं. एखादा शिकारी मासा चिडून किंवा भुकेपोटी त्यावर झडप घालतो. नेटवरचे ट्रोल तरी दुसरं काय करतात म्हणा!

सध्या हे सगळं मोबाइलवर पाहून पुण्या-संभाजीनगरच्या आयटीवाल्या पोरांना गळाचं भलतंच वेड लागलंय. त्यातले निम्मे मूळचे बीड-परभणीकडचे. दिवाळीला गावी आले की धरणाच्या भिंतीवर उभं राहून एकमेकांना विचारतात, एवढं पाणी आहे तर इथे का नाही जमणार? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र हो आणि नाही, दोन्ही.

मिशिगनचं गणित

ट्रोलिंगचे जे व्हिडिओ तुम्ही पाहता, त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवरचे असतात. उदाहरणार्थ लेक मिशिगन. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा बीड जिल्हा त्यात पाच वेळा बुडवला तरी जागा उरेल. सरासरी खोली ८५ मीटर आणि सगळ्यात खोल जागी २८१. गंमत म्हणजे तिथला सॅमनही मूळचा तिथला नाही. बाहेरून आलेल्या एलवाइफ नावाच्या छोट्या माशाने तळ्यात उच्छाद मांडला होता. त्याला खायला कोणीतरी हवं म्हणून मिशिगन राज्याने १९६६ मध्ये पॅसिफिक महासागराकडचा कोहो सॅमन आणून सोडला. त्यातून मासेमारीचा एक मोठा धंदाच उभा राहिला.

सॅमनला थंड पाणी लागतं, साधारण १० ते १३ अंश. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खाली दडतो. म्हणून तिथल्या होड्यांवर डाउनरिगर असतो : तारेला बांधलेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. तो गळाची दोरी थेट तीस-चाळीस मीटर खाली घेऊन जातो. काही जण तर गोळ्यासोबत थर्मामीटरही सोडतात. होडीचा वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर, मागे पाच-सहा रॉड, प्रत्येकाचं आमिष वेगळ्या खोलीवर. एकूण काय, तर मासा कुठल्या थरात आहे हे शोधण्याचा हा खेळ.

शिकागो-मिलवॉकीकडे एखादा चुलतभाऊ असेल तर त्याला विचारून बघा. विस्कॉन्सिनमध्ये नुसतं मासेमारीचं लायसन्स पुरत नाही. ग्रेट लेक्समधला ट्राउट-सॅमन धरायचा तर त्याचा वेगळा स्टँप विकत घ्यावा लागतो. हा स्टँप लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आपल्याकडे ट्राउट हवाच असेल तर हिमाचल, काश्मीर किंवा निलगिरीचा डोंगर गाठावा लागेल. इंग्रजांनी हौसेने आणून सोडलेला हा मासा अजून तिथल्या गार ओढ्यांत टिकून आहे. बीडचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. त्या पाण्यात ट्राउट जगायचा नाही. (आणि कोकणातल्या हॉटेलात 'इंडियन सॅमन' म्हणून जो मिळतो तो आपला रावस. चवीला झकास, पण सॅमनशी त्याचं कसलंही नातं नाही.)

माजलगावचं गणित

आता आपल्या पाण्याकडे वळू. पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावणारी सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते. त्याआधी तिच्यावर माजलगावचं धरण आहे. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं हे धरण १९८७ च्या सुमारास पूर्ण झालं. पैठणच्या उजव्या कालव्याचं पाणीही यातच येऊन पडतं. एकूण साठा सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पेपरच्या भाषेत दलघमी. भरल्यावर पाणी पसरतं साधारण ७८ चौरस किलोमीटरवर.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. ४५४ ला ७८ ने भागा. उत्तर येतं सहाच्या आतबाहेर. म्हणजे काठोकाठ भरलेल्या माजलगावची सरासरी खोली जेमतेम सहा मीटर! जुन्या नदीपात्रात आणि भिंतीजवळ ती जास्त भरेल, फुगवट्याच्या कडेला तर कमरेइतकीच. तेव्हा डाउनरिगरचं पार्सल मागवायचा विचार मनातून काढून टाका. तो गोळा सोडलात तर बुडालेल्या बाभळीत अडकून बसेल, दुसरं काही नाही. धरणाच्या पोटात जुनी शेतं असतात, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे असतात. नवख्याला हा सगळा वैताग वाटतो. पण शिकारी मासा दबा धरून बसतो तो नेमका तिथेच.

मासा पाठलाग करतो का?

खरी गोम इथे आहे आणि व्हिडिओत ती कोणी सांगत नाही. ट्रोलिंग चालतं ते दुसऱ्या माशाला खाणाऱ्या माशावर. आपल्या धरणांत मुद्दाम सोडतात ते मासे कोणते? कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून बारीक जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-पाला खातो आणि मृगळ तळाचा गाळ चिवडतो. तिघांचीही वाटणी ठरलेली, भांडण नाही. म्हणूनच तर ते एकत्र सोडतात. चकाकणारा चमचा त्यांच्या नाकासमोरून दिवसभर फिरवलात तरी ते ढुंकून बघायचे नाहीत. त्यांच्यासाठी शेंगदाण्याची पेंड, कणकेचा गोळा, काठावरची बैठक आणि भरपूर पेशन्स लागतो. तो खेळही सुंदर आहे, पण वेगळा.

तुमच्या ओढत्या गळाला भाव देणार ती मरळ. सापासारखं डोकं, अंगावर ठिपके-पट्टे आणि तोंडात दात. मरळीला पाण्यातल्या ऑक्सिजनवर भागत नाही, ती थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते. पाण्यावर अचानक गोल उठला आणि 'गुडुप' असा आवाज आला की समजायचं, बाई घरात आहेत. झाडोऱ्याच्या कडेने, गवताला लागून, दोन-तीन मीटर पाण्यात तिचा वावर असतो. मिशा असलेला शिंगाळाही शिकारी, पण तो तळाशी राहतो आणि अंधार पडताना जास्त हालचाल करतो.

मरळीची एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पावसाळ्यात ती पिलं घालते आणि नर-मादी दोघंही त्या पिलांची राखण करतात. लालसर पिलांचा झुबका पाण्यावर फिरताना दिसतो, खाली आई-बाप असतात. अशा वेळी त्या झुबक्यावर आमिष टाकलं तर मरळ हमखास धडक मारते, भुकेने नाही, पिलांना वाचवायला. काही बहाद्दर तेवढ्यावर फोटो काढून मिरवतात. त्या दोघांना उचललंत तर शेकडो पिलं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. तेव्हा पाऊस सुरू झाला की गळ माळ्यावर टाका आणि दिवाळीनंतर उतरवा.

आणि पाणी कोणाचं?

धरण सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं, असं आपण गृहीत धरतो. पाण्यातला मासा मात्र सगळ्यांचा नसतो. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग जलाशयातली मासेमारी ठेक्याने देतो, बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना. मराठवाड्यात या संस्थांमध्ये भोई समाजाची माणसं मोठ्या संख्येने आहेत. ठेक्याची रक्कम संस्था भरते, मत्स्यबीज म्हणजे बोटभर पिलं ती विकत घेऊन सोडते आणि ती मोठी व्हायची वाट बघते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तेव्हा साधा हिशेब करा. कुणाच्या उभ्या उसात शिरून तुम्ही चार कांड्या मोडून घ्याल का? (घ्याल, पण मालकाला हाक मारून!)

विस्कॉन्सिनमधला स्टँप आठवला? तिथे मासेमार पैसे भरतो आणि त्यातून तळ्यात मासे सोडले जातात. इथे ते पैसे संस्थेने आधीच भरलेत. फरक एवढाच की त्याची पावती तुम्हाला दिसत नाही.

ट्रोलिंगच्या बाबतीत हा मुद्दा शिष्टाचारापुरता नाही, थेट पोटाचा आहे. धरणात संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे ओढतात. पाण्याखाली ती भिंतीसारखी उभी असतात. वर खूण असते ती एखाद्या रिकाम्या बाटलीची किंवा थर्माकोलच्या तुकड्याची. काठावर बसून गळ टाकणाऱ्याचा जाळ्याशी संबंध येत नाही. तुमच्या होडीमागे मात्र तीस मीटर दोरी आणि तिला तीन तोंडांचे दोन गळ! जाळ्यात अडकले की तुमचं चारशे रुपयांचं आमिष जातं आणि त्याचं जाळं फाटतं. ते शिवण्यात त्याचे दिवस जातात आणि तेवढे दिवस त्याच्या घरात मासा येत नाही.

म्हणून यावर एकच शहाणपणाचा उपाय आहे. ज्याची जाळी, त्याचीच होडी घ्या. सकाळी जाळी ओढून झाली की ही माणसं काठावर भेटतात. लिलावाच्या आणि वजनाच्या घाईत मध्ये घुसू नका, चहा होईपर्यंत थांबा. "मामा, संस्थेचं ऑफिस कुठंय? जरा परवानगीचं विचारायचं होतं," एवढ्यावर संभाषण सुरू होतं. चेअरमन किंवा सचिवांचा होकार घ्या, अर्ध्या दिवसाचे होडीचे पैसे आधी ठरवा आणि मासा लागला तर त्याचं काय, हेही तेव्हाच बोलून घ्या. सोडून देणार असाल तर तसं सांगा. ते हसतील, हसू द्या. घरी नेणार असाल तर काठावरच्या भावाने वजन करून पैसे द्या. 'मी पकडला म्हणजे माझा' हा हिशेब इथे चालत नाही. आणि नकार मिळाला तर? मुकाट्याने मासे विकत घ्या आणि परत या. भिगवणला थाळी खायला तुम्ही एवढं पेट्रोल जाळताच की!

पैठणचा नाथसागर मोठा आहे म्हणून गाडी तिकडे वळवायचा मोह होईल. तो पक्षी अभयारण्य आहे, तिथले नियम वेगळे. शिकाऊ माणसाने तिथे प्रयोग करू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

सामान : कमी, पण नीट

दुकानदार तुम्हाला पन्नास वस्तू दाखवेल. त्यातल्या सहा-सात घ्या. साडेसहा-सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड आणि ३००० नंबरची स्पिनिंग रील, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आसपास सुरुवातीला पुरेशी होतात. दोरी पंधरा पौंडी नायलॉनची. वेणीची दोरी पातळ आणि मजबूत असते खरी, पण ती ताणली जात नाही. नवख्या हातात एका झटक्याला मासा सुटतो. मरळीच्या दातांसाठी शेवटी वीतभर तारेचा किंवा जाड फ्लुओरोकार्बनचा तुकडा जोडा. मध्ये एक फिरती कडी हवीच, नाहीतर गोल फिरणारा चमचा अर्ध्या तासात सगळ्या दोरीला पीळ घालून ठेवेल. आमिष म्हणून एक चमचा आणि दोन उथळ बुडणारे प्लास्टिकचे मासे बास. डब्यावर ते किती खोल जातात हे छापलेलं असतं. दीड-दोन मीटरवाले घ्या. गळ सोडवायला लांब तोंडाची पक्कड घ्या, आणि ती विसरू नका. मरळीच्या तोंडात बोट घालून बघायची गोष्ट नाही.

रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती जोर लावल्यावर सुटू लागेल तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवावा. पंधरा पौंडी दोरीला साधारण चार-पाच पौंड, म्हणजे दोन किलोच्या आसपास. घरीच दोरीला दोन किलोची साखरेची पिशवी लटकवून बघा. बायको किंवा आई काय म्हणेल ते सोसायची तयारी ठेवा.

बाकी टोपी, पाणी, उन्हाचा चष्मा. आणि लाइफ जॅकेट, ज्याबद्दल मी अजिबात मस्करी करणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये याच माजलगाव धरणात पोहायला उतरलेली एक व्यक्ती बुडाली आणि तिचा शोध घेताना कोल्हापूरहून आलेल्या बचाव पथकातल्या जवानालाही जीव गमवावा लागला. तोही पट्टीचा, प्रशिक्षण घेतलेला माणूस. धरणाच्या पाण्यात झाडं आहेत, जाळी आहेत, गाळ आहे. तुम्हाला स्विमिंग पूलमध्ये वीस लॅप मारता येतात, हे इथे कामाचं नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसायचा आग्रह कुणी प्रेमाने केला तरी बसू नका. त्यावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा तोल वेगळा आणि तुमचा वेगळा. जॅकेट दोन न्या, एक वल्हवणाऱ्या मामांसाठी. ते घालणार नाहीत, तरी न्या.

होडीत बसल्यावर

मिशिगनवर इंजिन जे करतं ते इथे वल्हं करतं, आणि अनेकदा जास्त चांगलं करतं. वल्हवण्याचा नेहमीचा वेग आपल्याला हवा तेवढाच असतो. शिवाय प्रत्येक वल्ह्याला होडी जराशी पुढे उसळते आणि मग मंदावते, त्यामुळे मागचं आमिषही थबकत-पळत जातं. जखमी मासा असाच पोहतो. इंजिनाने हा परिणाम आणायला परदेशात मुद्दाम नागमोडी होडी चालवतात!

दोरी पंचवीस-तीस मीटर सोडा. एकाच माणसाची एकच दोरी, सुरुवातीला दोन नकोतच. काठाला समांतर, झाडोऱ्यापासून चार-पाच मीटर अंतर ठेवून जा. रॉडचं टोक पाहत राहा. आमिष नीट चालत असेल तर ते एका लयीत थरथरतं. थरथर थांबली म्हणजे गवत अडकलं, गुंडाळून साफ करा. टोक हळूच वाकून तसंच राहिलं तर बुंधा लागला, होडी थांबवून मागे घ्या. आणि टोक धाडकन खाली गेलं, रील किंचाळायला लागली... तर मग काय करायचं हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. एवढंच, की रॉड वर ठेवा, दोरी सैल पडू देऊ नका आणि होडीत उभे राहू नका.

वेळ पहाटेची किंवा सूर्य कलताना. दुपारी धरणावर फक्त ऊन मिळतं. वारा सुटला तर परत फिरा. ७८ चौरस किलोमीटरच्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं आणि लाटा बघता बघता होडीच्या कडेला येतात. मामा म्हणाले 'चला' की चला. त्यांच्याशी वाद नाही.

पहिल्या दिवशी बहुतेक काही लागत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तरीही काठ कुठे उतरता आहे, गवत कुठे संपतं, मरळ कुठे वर येते हे कळायला लागतं आणि तिसऱ्या खेपेला तुम्ही मामांना म्हणता, जरा डावीकडनं घ्या.

शून्य टक्के म्हणजे किती?

माजलगाव कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावर आहे, पुण्याहून सहा-सात तास. सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वेही येते, पण रॉड आणि दोन जॅकेटं घेऊन पुढचा रस्ता एसटीने करायचा म्हणजे हौसेची कमाल. गाडीच बरी. मात्र निघण्याआधी पेपरात किंवा पाटबंधारे खात्याच्या आकड्यांत धरणाची टक्केवारी बघा आणि ती वाचायला शिका. पेपरातली टक्केवारी असते उपयुक्त साठ्याची. माजलगावात तो ३१२ दलघमी, उरलेला १४२ मृतसाठा. म्हणजे 'माजलगाव शून्य टक्के' अशी हेडलाइन आली तरी धरणात पाणी असतं, आणि सगळा मासा त्या आकसलेल्या पाण्यात दाटीने कोंडलेला असतो.

नवख्याला वाटतं, वा, आता तर सोपं! लागेलही कदाचित. पण त्याच दिवसांत संस्थेचा जीव टांगणीला लागलेला असतो. पाणी आणखी उतरलं तर मासा गुदमरायच्या आत काढावा लागतो, मग मिळेल तो भाव. आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आलंच नाही तर पिलं सोडायची कशात? २०१६ च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यातलं केज तालुक्यातलं मांजरा धरण कोरडं पडलं. त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. ती ट्रेन सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. तळाच्या भेगांतल्या संस्थांच्या होड्या कोणी पाहिल्या नाहीत.

तेव्हा तीस टक्क्यांच्या खाली आकडा गेला की होडी मागू नका, गेलातच तर काठावर बसा. सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धरण बऱ्यापैकी भरलेलं, पाणी निवळलेलं, मरळीची पिलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि काठच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायला मोटारी सुरू झालेल्या असतात. आदल्या दिवशी संस्थेत फोन करा, जाळी कुठल्या बाजूला आहेत ते विचारा आणि सहाच्या आत काठावर पोहोचा. उशीर झाला तर मामा थांबत नाहीत, त्यांना बाजार गाठायचा असतो.